गिरणगांवांतील पूर्वजांचा शोध

राजेरजवाड्यांच्या बखरी आपण आवडीनें वाचतों. पण आपला पणजा मुंबईस केव्हां आला व कोणत्या गिरणींत कामास लागला, हें विचारल्यास बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं.

कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी ताडदेव येथें १८५६ सालीं सुरू झाली. पुढें रत्नागिरी, सातारा इत्यादि जिल्ह्यांतून हजारों माणसें परळ-लालबागेकडे आलीं. त्यांचीं नांवें जनगणनेच्या कागदांत धुंडाळावीं, तर १९४८ च्या कायद्यान्वयें ते कागद कोणास पाहूं देत नाहींत. म्हणून शोधाचा आरंभ मुंबईस न करितां गांवींच करावा, असें आमचें मत आहे. गांव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचें कोतवाल बुक, फेरफारांतील वारसनोंदी आणि शाळेचें जनरल रजिस्टर यांवरून बापआजांचीं नांवें जुळवितां येतात.

परंतु खरें बोलकें साधन घरच्या पत्र्याच्या पेटींत असतें. टपालखात्याची मनिऑर्डर १८८० सालीं सुरू झाली. तिच्या फॉर्माची मजकुराची चिठ्ठी पैसे घेणाराकडे राही. तीवर पाठविणाराचें नांव, चाळीचा पत्ता आणि खुशालीच्या दोन ओळी असत. (त्या ओळी पुष्कळदां दुसऱ्याच कोणाच्या हातच्या असत, हें ध्यानांत ठेवावें!) चिठ्ठ्या तारखेवार लावल्या कीं बिऱ्हाड कधीं बदललें, पैसे कधीं थांबले, हें दिसूं लागतें. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा मोठा संप चालला. तेवढ्याच महिन्यांच्या चिठ्ठ्या पेटींत नसल्या, तर गांवच्या चुलीवर काय प्रसंग आला असेल तें समजून घ्यावें.

या कागदांची किंमत पुढें निराळ्या रीतीनेंहि कळली. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. पुढें गिरणीकामगारांस घरें देण्याची योजना निघाली, तेव्हां १ जानेवारी १९८२ रोजीं वा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागण्यांत आला. हजेरीचें तिकीट, लाल पास, विम्याचें कार्ड, कांहींतरी हवें होतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं हें सारें रद्दींत गेलेलें होतें, आणि मुलगे बापाच्या जुन्या सोबत्यांचीं दारें ठोठावीत हिंडले.

तेव्हां यंदाच्या सुटींत गांवीं जाल तर कागदांच्याहि आधीं आजीस गांठावें. गिरणीचें नांव ती कदाचित् विसरली असेल. पण आजोबा कोणाच्या खानावळींत जेवत आणि गांवची आणखी कोण मंडळी त्या खोलींत राहत, तें तिला सांगतां येईल.