वाचा, पण लिहू नका!

तापमापीतील पारा कुठवर चढला आहे हे आपण वाचू शकतो, पण तो आपल्या मर्जीने हव्या त्या आकड्यावर नेऊन ठेवू शकत नाही. टपालपेटीचे नेमके उलट. तिच्यात पत्र टाकता येते, पण टाकलेले पत्र त्याच फटीतून काढून वाचता येत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममधील माहितीवरही अशी दोन्ही बंधने घालता येतात. ती कशासाठी?

समजा, आपण निकालपत्रकाचा प्रोग्रॅम लिहीत आहोत. एका विद्यार्थिनीचे मराठी, गणित व विज्ञानाचे गुण ७०, ६२ आणि ५८, एकूण १९०. फेरतपासणीत विज्ञानाचे गुण ६३ झाले. ते आपण बदलले, पण 'एकूण'चा आकडा बदलायचा राहिला. आता निकालपत्रकच खोटे ठरले!

यावर उपाय असा की 'एकूण' कोणाला लिहूच द्यायचे नाही. १९९५ सालची डेल्फी आणि तिच्यानंतरची सी शार्प या भाषांत 'प्रॉपर्टी' म्हणजे गुणधर्म ही सोय आहे. बाहेरून तो साठवलेल्या आकड्यासारखा दिसतो. आत मात्र वाचण्याची एक आणि लिहिण्याची एक अशा दोन कृती असू शकतात. सी शार्पमध्ये त्यांना 'गेट' आणि 'सेट' म्हणतात. 'एकूण'साठी आपण फक्त 'गेट' लिहायचे: तिन्ही गुणांची बेरीज करून सांग. गुणधर्म वाचनमात्र झाला. आता कोणी त्यात आकडा भरू पाहिला, तर कंपायलर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच चूक दाखवतो.

येथे एक गैरसमज टाळावा. वाचनमात्र म्हणजे न बदलणारे नव्हे. विज्ञानाचे गुण सुधारताच 'एकूण' १९५ होते. फक्त ते आपण थेट लिहीत नाही.

फक्त 'सेट' ठेवला, तर गुणधर्म लेखनमात्र होतो. पासवर्ड हे त्याचे उदाहरण. पण लिहिलेले नीट पोचले का, हे वाचून पाहता येत नसल्याने असा गुणधर्म वापरणाऱ्याला गोंधळात टाकतो. म्हणून सी शार्पच्या वापराबाबतची मार्गदर्शक तत्त्वे तो टाळायला सांगतात. त्याऐवजी 'पासवर्ड बदला' अशी स्वतंत्र कृतीच लिहावी.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारा: नाव, जन्मतारीख आणि वय यांपैकी वाचनमात्र काय असावे? उत्तराबरोबर कारणही मागा.