पैशाचे सोंग : शाळेतील वेशभूषा दिन आणि आपले पालक

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. बहुरूप्यांच्या आणि भारुडांच्या या प्रदेशात ही म्हण जन्मावी यात नवल नाही. परंतु आज तिचा खरा अर्थ कोणाला कळत असेल, तर तो पहिली-दुसरीत शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना. रात्री साडेआठला मोबाईलवर वर्गशिक्षिकेचा निरोप येतो : ‘परवा वेशभूषा दिन आहे. पाल्यास राष्ट्रपुरुषाच्या वेशात पाठवावे. दोन वाक्ये पाठ करून घ्यावीत.’ वडील दुसऱ्या पाळीवर गेलेले असतात. आईची भाकरी तव्यावर असते. आणि मुलाने आधीच जाहीर केलेले असते की, आपण शिवाजी महाराज होणार, घोडाही हवा!

सोलापुरातील काही पालकांनी हा विषय आमच्याजवळ काढला, तेव्हा प्रथम आम्हाला तो किरकोळ वाटला हे कबूल केले पाहिजे. ज्यांना मुले नाहीत, त्यांना असे वाटणे सोपे असते. पण एका भगिनीने वर्षभराचे दिवस बोटांवर मोजून दाखविले आणि आम्ही गप्प झालो. जूनच्या मध्यास शाळा उघडते. वह्या-पुस्तके, दप्तर, रेनकोट यांचा खर्च ताजा असतानाच आषाढी एकादशी येते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे बालदिंडी नाही अशी शाळा सोलापुरात सापडणे कठीण. मग १ ऑगस्टला टिळक, १५ ऑगस्टला कोणी तरी स्वातंत्र्यवीर, गोकुळाष्टमीला कृष्ण आणि राधा, २ ऑक्टोबरला गांधीजी, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला डॉ. कलाम, १४ नोव्हेंबरला नेहरू, डिसेंबरात सांताक्लॉज, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. बालवर्गात याखेरीज लाल दिवस, पिवळा दिवस, फळांचा दिवस, भाज्यांचा दिवस. दोन मुले असतील तर गुणाकार करावा.

यात शाळेचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणणार नाही. मूल चार लोकांसमोर उभे राहते, एखाद्या थोर व्यक्तीचे नाव त्याच्या तोंडी बसते, भीड चेपते. हे सारे खरे आहे. आम्हाला बोलायचे आहे ते या उपक्रमाच्या ओझ्याविषयी. ते कोणाच्या खांद्यावर पडते?

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सोलापूर हे गणवेशाचे शहर आहे. येथील कारखान्यांत शिवलेले शालेय गणवेश दूरदूरच्या राज्यांत जातात. गणवेशामागचा एक विचार असा की, वर्गात बसलेल्या मुलाच्या अंगावरून त्याच्या घरची परिस्थिती कळू नये. वेशभूषेच्या दिवशी नेमका हा पडदा बाजूला होतो. एका मुलाच्या अंगावर भरजरी अंगरखा, जिरेटोप आणि चांदीच्या रंगाची तलवार असते. दुसऱ्याच्या कपाळावर घाईने ओढलेला गंधाचा टिळा असतो, आणि तिसरे त्या दिवशी शाळेतच येत नाही. ‘पोट दुखत होते’ अशी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी येते. ज्या शहरात हजारो माताभगिनी दिवसभर विड्या वळून घर चालवितात, तेथे ड्रेपरीवाल्याकडील एका पोशाखाचे दिवसाचे भाडे हजार विड्यांच्या मजुरीला सहज गाठू शकते. वर अनामत रक्कम वेगळी. आणि मोत्याची माळ तुटली तर ती कापून घेतली जाते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे दोन वस्त्रांची आठवण होईल. याकोबाने आपल्या लाडक्या योसेफाला एक विशेष झगा करून दिला. त्या झग्याने भावाभावांत काय पेटविले, ते उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात आहे. दुसरे वस्त्र हन्नेचे. मंदिरात राहणाऱ्या आपल्या बाळ शमुवेलासाठी ती दर वर्षी एक लहानसा अंगरखा घेऊन जात असे. तो तिने स्वतः केलेला होता आणि वर्षागणिक मुलाच्या वाढत्या अंगाला बेतलेला असणार. आम्ही अनेकदा हा उतारा वाचला, पण त्यातील आईच्या हाताकडे आमचे लक्ष या पालकांच्या बोलण्यानंतर गेले.

आता कायद्याविषयी थोडे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास जशी बंदी आहे, तशीच त्याचा मानसिक छळ करण्यासही आहे. पोशाख आणला नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, छायाचित्रातून वगळणे, सर्वांसमोर टोचून बोलणे हे या कलमाच्या आशयाला धरून नाही. आता कोणी सांगेल की, अल्पसंख्याकांच्या शाळांना हा अधिनियम लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. ते बरोबर आहे. (२०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न वर पाठविला, हेही खरे.) पण मुलाला लाजविण्याची मुभा मिळावी म्हणून ही सूट कोणी मागितली नव्हती. आमच्या संस्थांनी तरी असा आधार घेऊ नये.

पालकांनी काय करावे? पहिली गोष्ट, शिक्षिकेशी बोलावे. पालकसभेत हात वर करावा. ‘बाई, निरोप आठ दिवस आधी मिळेल का? आणि घरच्या वस्तूंतूनच वेश करावा, असा नियम सर्वांनाच करता येईल का?’ एवढे विचारण्यात उद्धटपणा नाही. पुष्कळदा शिक्षिकाही वरून आलेल्या सूचनेखाली दबलेल्या असतात आणि असा प्रश्न कोणी विचारला तर त्यांनाही सुटल्यासारखे होते. ही अडचण केवळ आपली नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या पहिल्या गुरुवारी शाळांतून पुस्तक दिन साजरा होतो. मुलांच्या हाती पुस्तक जावे म्हणून त्यांना एक पौंडाचे कूपन मिळते, पण गाजतो तो पुस्तकातील पात्रांचा वेश. कूपनाहून पोशाख कितीतरी महाग पडतो, ही तेथील पालकांची तक्रार. तेथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव नवा नसावा.

दुसरी गोष्ट, भरजरी पात्रांचा मोह सोडावा. सोलापूरच्या मुलांना दूर जायला नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी याच गावी झाला. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. सहकारी परतले, ते मात्र तेथील जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. वडिलांचा पांढरा सदरा बाह्या दुमडून, गळ्यात खेळण्यातील स्टेथोस्कोप. झाला पोशाख. आदल्या रविवारी मिस्सानंतर मुलाला भैया चौकाकडील स्मारक दाखवून आणले तर दोन वाक्ये पाठ करून घ्यावी लागणार नाहीत. ते आपणहून चार सांगेल.

तसेच १२ जानेवारीचे. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशी चार घरांतील ही माणसे. नवी पेठेत त्यांचा तयार पोशाख बहुधा मिळणार नाही. धोतर, सदरा, टोपी घरातूनच काढावी लागेल, आणि ती नेसविताना आजोबांना गोष्ट सांगावी लागेल. आम्हाला विचाराल तर यातच अर्धे शिक्षण झाले. मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, आपल्या एखाद्या मुलाने फादर स्टीफन्स व्हावे, असेही आम्हाला फार वाटते. १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये छापले गेले, हे ऐकून वर्गातील किती जण चकित होतील! वेदीसेवकाचा झगा धर्मग्रामाच्या कपाटात असतोच.

आता नाजूक प्रश्न. ‘फादर, आमच्या मुलाला विठ्ठल केले आहे. चालेल का?’ हा प्रश्न दर आषाढीला येतो. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी तिरस्काराने बोलून नकार देणे, तेही मुलासमोर, आम्हाला गैर वाटते. दुसरीकडे, वेश घालणे आणि पूजेत भाग घेणे यांत फरक आहे. मुलाला देव्हाऱ्यात बसवून त्याची आरती करणार असतील, तर आपल्याच नव्हे, विठ्ठलभक्त शेजाऱ्यालाही ते खटकू शकेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ (३) प्रमाणे शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. ही तरतूद माहीत असावी. पण दारातच ती कोणाच्या तोंडावर फेकण्याची गरज नसते. ‘त्याला विठ्ठलाऐवजी वारकरी करू या, टाळ त्याला छान वाजविता येतो’ असे म्हटले की शिक्षिका बहुधा हसून मान्य करतात. आमच्या माहितीच्या एका घराने असेच केले आणि त्या दिंडीत ते मूल सर्वांत पुढे होते.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे, हे विसरता येणार नाही. आपल्या शाळांतून बहुसंख्य मुले अन्य धर्मीय असतात. त्यांना नाताळात सांताक्लॉज किंवा देवदूत करताना आपण त्यांच्या पालकांना विचारतो का? डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना सांताक्लॉज वगैरे करू नये, असे पत्र शाळांना काढले. त्या पत्रामागील वातावरणाविषयी आम्हाला जे वाटते ते वाटते. पण विचारून करणे ही रीत मात्र कोणी सांगण्याआधीच आपली असायला हवी होती. शिवाय सांताचा तो लाल पोशाख आणि कापसाची दाढी सोडून मायराचे बिशप संत निकोलस का दाखवू नयेत? पुठ्ठ्याची बिशपांची टोपी आणि एक काठी पुरते.

आणखी एक सल. नाताळच्या नाटिकेत मरीया कोण होते? वर्गातील सर्वांत गोरी मुलगी. देवदूत कोण? त्याच रंगाच्या तिच्या मैत्रिणी. सावळ्या मुलांना मेंढपाळ, हेरोदाचे शिपाई, नाही तर उंट. हे कोणी ठरवून करीत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षे चालते. नासरेथची मरीया गालिलातील यहुदी कन्या होती. युरोपातील चित्रकारांनी तिला आपल्यासारखी रंगविली, आणि आपण त्या चित्रांना पाहून मुली निवडतो. ‘आदिवासी’ दाखवायचा म्हणून मुलाच्या तोंडाला काजळी फासण्याचा प्रकारही आम्ही पाहिला आहे. ठाणे-पालघरच्या आमच्या आदिवासी बांधवांपैकी कोणी ते पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते?

सकल संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, धर्मशिक्षण वर्गातील मुले संतांच्या वेशात येतात तेव्हाही हा विचार असावा. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपलेच. मदर तेरेसांची निळ्या काठाची सुती साडी कोणत्याही घरात जमते. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेल्या कार्लो अकुटीसने तर आईवडिलांवर उपकारच केले आहेत : जीन्स, टी-शर्ट, पाठीवर दप्तर! एक मुलगा रोजच्याच कपड्यांत आला आणि ‘मी कार्लो’ म्हणाला, तेव्हा काही जण हसले. आम्ही हसलो नाही.

वेश करण्याची आवड संतांनाही होती. बाळ येशूच्या संत तेरेजेने २१ जानेवारी १८९५ रोजी लिझ्यूच्या मठात, स्वतः लिहिलेल्या नाटकात जोन ऑफ आर्कची भूमिका केली. त्या वेशातील तिची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. पण त्याच प्रयोगात चितेच्या देखाव्यासाठी केलेल्या जाळाने आग लागली आणि ती थोडक्यात बचावली. म्हणून मातांना एक विनंती. कागदी वा नायलॉनच्या पंखांजवळ पेटती मेणबत्ती नको. मिशी डिंकाने चिकटवू नये, काजळाच्या पेन्सिलीने काढावी. नऊवारीच्या आत चड्डी असावी आणि काष्टा असा असावा की मुलीला शौचालयात एकटीने जाता येईल. मधल्या सुट्टीपर्यंत लघवी दाबून बसलेली जिजाऊ आम्ही पाहिली आहे. टाचण्यांऐवजी दोन टाके घालावेत.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. धर्मग्रामातील महिला मंडळाने एक पत्र्याची ट्रंक ठेवावी, असे आम्ही सुचविले आहे. ज्यांची मुले मोठी झाली त्यांनी फेटे, झगे, टाळ, गोल चष्मे, लहान मापाची नऊवारी त्यात आणून टाकावी. ज्याला हवे त्याने न्यावे, धुऊन परत आणावे. धर्म कोणता, कोणत्या शाळेचे मूल, हे विचारू नये. वहीत नाव लिहिले तरी ते मोठ्याने वाचू नये. पहिली वस्तू आली आहे : जुन्या सोलापुरी चादरीतून शिवलेला मेंढपाळाचा अंगरखा. सहा वर्षांच्या मुलाला तो गुडघ्याच्या खाली येतो, पण दुमडता येईल.