भिंतीची ओल आणि घरातील लहान मुले



ज्याने आयुष्यभर संतसाहित्य शिकवले त्याने या व्यासपीठावरून बुरशीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मला हा विषय पुस्तकांनी दाखवला. बेळगावचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. एका श्रावणात पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटातील ग्रंथांना बुरा आलेला दिसला, तेव्हा ते बैठकीच्या खोलीत आणून, पंखा लावून, मी कोरड्या फडक्याने झटकीत बसलो. तीन वर्षांचा नातू शेजारीच खेळत होता. रात्री त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. केवळ त्या झटकण्यानेच ती झाली असे मी म्हणणार नाही, परंतु डॉक्टरांनी औषध लिहून झाल्यावर विचारले, "सर, घरातली एखादी भिंत ओली आहे का?"

ओली होती. तीन दिवाळ्या मी तिच्यावर डिस्टेंपरचा हात फिरवीत आलो होतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्रच असतात. त्यांना रुजण्यास हवी असते ती ओल. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही, तर ती बुरशी धरू लागते. म्हणजे काळा डाग हे लक्षण होय. मूळ दुखणे गच्चीच्या भेगेतून वा गळक्या नळातून मुरणारे पाणी. ते थांबवल्यावाचून केलेली सफाई व्यर्थ जाते.

मुलांची श्वासनलिका अरुंद असते, आणि वजनाच्या मानाने ती आपल्याहून अधिक हवा आत घेतात. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा बालक डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या न्यायचौकशीत निघाला. प्रत्येक डागाने असे घडते असे नव्हे, पण मुलाचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना भिंतीविषयीही सांगावे.

आता सफाई. त्या वेळी मुले घरात नसावीत. ते न जमल्यास दूरच्या खोलीत, दार लावून ठेवावीत. खिडकी उघडी, पंखा बंद. हातमोजे घालावेत आणि नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी बांधावी. साध्या रुमालाने भागत नाही. कोरडा झाडू वा ब्रश वापरू नये, बीजाणू उधळतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून भिंत पूर्ण सुकू द्यावी. ब्लीचची सहसा गरज नसते; आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडात मिसळले तर क्लोरिन हा विषारी वायू निघतो, हे मोलकरणीलाही सांगून ठेवावे. बुरशी दहा चौरस फुटांहून अधिक पसरली असेल, तर जाणकाराला बोलवावे.

जुन्या घरांविषयी आणखी एक. रंगातील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा २०१७ साली लागू झाली. त्यापूर्वीचा तैलरंग कोरडा घासला, तर शिशाची धूळ उडू शकते, आणि रांगते मूल तोच हात तोंडात घालते. असा रंग स्वतः घासू नये.

बुरशी आलेली गादी वा कापडी खेळणी टाकून द्यावीत. आत शिरलेली बुरशी धुऊन जात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे. पावसाळ्यात ओले कपडे मुलांच्या खोलीत वाळत घालण्याची आपली सवय सोडणे कठीण, हे मी जाणतो. निदान पडवीत दोरी बांधावी.

आम्ही गच्चीची भेग बुजवली. नातू आजोळी असताना ग्रंथ ओसरीत नेऊन पुसले. दोन शब्दकोश मात्र आतपर्यंत कुजले होते. ते टाकून द्यावे लागले.