निरोपाच्या हाराआधी

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की आपल्याकडचा गृहस्थ फंडाचा हिशेब मांडतो, गावच्या घराची डागडुजी काढतो, काशीयात्रेचा बेतही आखतो. आजारपणाची तजवीज मात्र ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणून मागे पडते. वास्तविक नोकरीबरोबर पुष्कळदा औषधपाण्याची सोयही सुटते. आणि नेमके तेव्हाच गुडघे कुरकुरू लागतात!

पनवेलचेच पाहा. एकाच चाळीतून कोणी तळोज्याच्या कारखान्यात जातो, कोणी मुंबईच्या केंद्र सरकारी कचेरीत. दाराला दार लागून. पण निवृत्तीनंतर दोघांच्या वाटा निराळ्या.

कारखान्यातला गृहस्थ कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे असून वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून पतिपत्नी दोघांचे उपचार चालू राहतात. एवढ्यात हल्ली दोघांचा एक वेळचा फराळ होत नाही. मेख आहे ती पगाराच्या मर्यादेत. १ जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपये झाली, आणि मर्यादा ओलांडणारा योजनेबाहेर जातो. तेव्हा अखेरच्या पगारवाढीचे पेढे वाटण्याआधी शाखा कचेरीत आपली स्थिती विचारून घ्यावी.

सरकारी कचेरीतल्याला केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड मिळते. वर्गणी दरवर्षी भरा, नाहीतर दहा वर्षांची एकदम भरून जन्मभर निश्चिंत व्हा. योजनेच्या क्षेत्राबाहेर गावी जाऊन राहणाऱ्याला त्याऐवजी वैद्यकीय भत्ता घेता येतो. २०१७ साली तो महिना हजार रुपये झाला. रोख रकमेचा मोह मोठा! पण हजार रुपये म्हणजे महिन्याच्या गोळ्या. शस्त्रक्रियेला ते कुठे पुरणार? हा निर्णय यजमानांनी एकट्याने घेऊ नये. कार्डावर पत्नीचेही नाव असते.

आणि ज्यांना यातले काहीच नाही, ते दुकानदार, खाजगी कारकून? २ जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही आली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. मात्र ठरावीक उपचार, तेही यादीतल्याच रुग्णालयांत. रोजच्या गोळ्या आपल्या आपणच घ्यावयाच्या. ‘रेशन कुठे घेतो आपण?’ म्हणून कपाटाच्या तळाशी टाकलेली ती पत्रिका आता वर काढा, आणि तिच्यावर सुनेचे, नातवंडांचे नाव चढले आहे का पाहा.

खाजगी विमा जोडीला घ्यावयाचा असेल तर साठीची वाट पाहू नये. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने जुन्या दुखण्यांसाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. सत्तावन्नाव्या वर्षी पॉलिसी घेतली, तर निवृत्तीच्या सुमारास ती सरते.

सत्तरीनंतर मिळकतीची अट न घालता पाच लाखांचे वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. राज्य विमा किंवा खाजगी पॉलिसी असली तरी ते चालते. केंद्रीय योजनेवाल्याला मात्र दोहोंतून एकच निवडावे लागते, आणि त्याने आपले जुने कार्ड सोडू नये असे मला वाटते, कारण त्यावर बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात. सत्तरी मोजतात ती आधारवरच्या जन्मतारखेने. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ठोकून दिलेली मंडळी आपल्यात कमी नाहीत!