पाळतीचे कायदे आणि पक्षोपक्षांचीं मतें

एखाद्या पुढाऱ्याचा टेलिफोन चोरून ऐकला जात असल्याची बातमी आली, कीं पुढें काय होणार हें पुण्यांतील कोणत्याही वर्तमानपत्राच्या वाचकास आधींच सांगतां येतें. विरोधी पक्ष म्हणतो, लोकशाहीचा गळा दाबला गेला. सरकारपक्ष म्हणतो, कायदा तुम्हींच केलेला आहे. दोघांचेंही बोलणें पुष्कळसें खरें असतें, हीच त्यांतील गोम.

२० डिसेंबर २०१८ रोजीं केंद्र सरकारनें दहा खात्यांचीं नांवें जाहीर करून कोणत्याही संगणकांतील मजकूर पाहण्याचा अधिकार त्यांस दिला. काँग्रेसनें गहजब केला. त्यावर अर्थमंत्री अरुण जेटली ह्यांनीं राज्यसभेंत उत्तर दिलें, कीं ज्या नियमांखालीं हा हुकूम निघाला ते २००९ सालचे, काँग्रेसच्याच राजवटींतले आहेत. गोष्ट खरी होती. मात्र त्या नियमांना आधार देणारें बिल २२ डिसेंबर २००८ रोजीं लोकसभेंत संमत झालें, तेव्हां भारतीय जनता पक्ष विरोधी बांकांवर बसला होता. मुंबईवरील हल्ल्यास महिनाही उलटला नव्हता. सभागृहांत गोंगाट चालू असतांना, चर्चेवांचून, आवाजी मतानें तें पार पडलें. आवाजी मतदानांत कोणत्या सभासदाचें मत कोणीकडे पडलें ह्याची नोंद राहात नाहीं. मागाहून हात झटकण्यास ही पद्धत फार सोयीची.

महाराष्ट्राचा इतिहास तर ह्याहून बोलका आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मोक्का’ कायदा १९९९ सालीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष ह्यांच्या सरकारनें केला. त्याच्या १३ ते १६ ह्या कलमांनीं पोलिसांना संभाषणें ऐकण्याचा व तीं पुराव्यांत आणण्याचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षीं सत्ता पालटून काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस अधिकारावर आले. २००३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हीं चारही कलमें रद्द ठरविलीं. तार व टेलिफोन हे विषय केंद्राचे, त्यांवर राज्यास कायदा करतां येत नाहीं, हें मुख्य कारण. नव्या सरकारास तीं नको असतीं, तर तेथेंच संपलीं असतीं. परंतु महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २००८ सालीं तीं परत मिळवून आलें. एकानें लावलेलें रोप दुसऱ्यानें पाणी घालून जगविलें.

आतां प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो तें पाहावें. १८८५ च्या तार कायद्यान्वयें सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हें कारण असेल, तर संभाषण ऐकतां येत असे. १८ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या अधिकारास बंधनें घातलीं. हुकूम गृहसचिवानें काढावा, त्याची मुदत दोन महिन्यांची असावी, एकूण काळ सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, आणि हुकूम समितीनें तपासावा. पण ह्या समितीवर बसतात कोण? राज्यांत मुख्य सचिव व इतर सचिव. हुकूम काढणारा व तो तपासणारे, सारे एकाच मंत्रिमंडळाचे सेवक! ज्याचें बोलणें ऐकलें जातें त्यास तें कळविण्याची तरतूद नाहीं. मग त्यानें तक्रार तरी कशाच्या आधारावर करावी? न्यायाधीशाची पूर्वपरवानगी घ्यावी असें न्यायालयानें सांगितलें नाहीं. पण तसा कायदा करण्यास कायदेमंडळास कोणाची आडकाठी होती? २०२४ सालीं नवे नियम आले, त्यांतही परवानगी देणारा सचिवच आहे.

पुण्यापुरतें बोलावयाचें, तर फेब्रुवारी २०२२ मध्यें बंडगार्डन पोलीस ठाण्यांत एका माजी पोलीस आयुक्तांवर गुन्हा नोंदला गेला. मागील राजवटींत राजकीय पुढाऱ्यांचे टेलिफोन भलत्याच नांवांखालीं ऐकले गेले, असा आरोप होता. तेव्हां महाविकास आघाडीचें सरकार होतें. जूनअखेर तें गेलें, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें उच्च न्यायालयानें तो गुन्हा रद्द केला. साक्षीपुराव्यानिशीं शहानिशा व्हावी असा खटला उभाच राहिला नाहीं. आघाडीच्या अडीच वर्षांत मोक्कांतील तीं चार कलमें मात्र होतीं तशींच राहिलीं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. पण घराच्या किल्ल्या मोडून टाकाव्या असें सुनेलाही वाटत नाहीं, कारण उद्यां त्या तिच्याच कमरेस यावयाच्या असतात.

एकदां मात्र हें रहाटगाडगें अडलें होतें. टपालांतील पत्रें अडविण्याचा सरकारचा अधिकार वाढविणारें बिल १९८६ सालीं दोन्ही सभागृहांनीं संमत केलें. राष्ट्रपति झैलसिंग ह्यांनीं त्यावर सही केली नाहीं, आणि तें परतही पाठविलें नाहीं. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपति व्यंकटरामन ह्यांनीं १९९० सालीं तें फेरविचारार्थ परत धाडलें, व २००२ सालीं वाजपेयी सरकारनें मागें घेतलें. पुढें २०२३ सालीं टपालाचा नवा कायदा आला, त्याच्या नवव्या कलमांत पत्रें अडविण्याचा व उघडण्याचा अधिकार आहेच. राज्यसभेनें ४ डिसेंबरास तो आवाजी मतानें संमत केला. १८ डिसेंबरास लोकसभेनेंही केला. विरोधी बांकांवरील अनेक सभासद तेव्हां निलंबित होते. २४ डिसेंबरास राष्ट्रपतींची सही झाली, आणि १८ जून २०२४ पासून तो अंमलांत आला.