घोडा, कुत्रा, मांजर आणि हातांनी होणारे उपचार

ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी स्नायू-सांध्यांवर केले जाणारे उपचार, प्राण्यांवरही करतात, हे ठाऊक आहे का? अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये माणसांसाठी मांडलेली ही पद्धत फ्रान्समध्ये डॉमिनिक जिनियो या पशुवैद्यांनी घोड्यांवर वापरली.

🐴 घोडा: याला कॉलरबोन नसतंच! पुढचे पाय धडाला मुख्यतः स्नायूंनी जोडलेले आणि शरीराचा सुमारे ६० टक्के भार त्यांच्यावरच. खोगीर नीट बसलं नाही, की पाठ आखडते. उपचारक मानेपासून कमरेपर्यंत तळहात सावकाश फिरवतो. दुखऱ्या जागी कातडी थरथरते, कान मागे जातात. मग तिथले स्नायू हलकेच दाबून मोकळे करायचे. गाजर दाखवून घोड्याला मान बरगड्यांकडे वळवायला लावणं हा व्यायामही करून घेतात.

🐶 कुत्रा: एक पाय दुखला की भार बाकीच्या पायांवर जातो आणि कंबर धरते. म्हणून दुखऱ्या पायाबरोबर पाठही तपासतात.

🐱 मांजर: स्पर्श अगदी हलका, वेळ थोडा. तिने शेपटी आपटली की थांबायचं.

⚠️ या उपचारांमागचा वैज्ञानिक पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून आधी पशुवैद्यांकडून निदान हवंच. डॅशहुंड जातीचा कुत्रा मागचे पाय ओढू लागला किंवा मांजराचे मागचे पाय अचानक लुळे, गार पडले, तर मालिश नको; तडक दवाखाना गाठा. घरी मान-पाठ ‘कडकन’ मोडायचा प्रयत्न तर कधीच करू नका.

तुमच्या मुक्या सोबत्याची चाल रोज नीट बघा. दुखणं तिथे लवकर दिसतं.

#प्राणीप्रेम #पशुआरोग्य