दारूचा पैसा, शेतकऱ्याचा आणा

मुंबई इलाख्यातल्या सरकारी शाळांना पैसा कुठून येई? त्यात दारूच्या उत्पन्नाचा मोठा वाटा होता! १९१९च्या सुधारणांनंतर शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती बरोबरच देशी मंत्र्यांकडे आली. दारूबंदी करावी तर शाळांचा पैसा आटतो, शाळा वाढवाव्यात तर गुत्ते चालू ठेवावे लागतात, असा तो पेच. १२ मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात सरळ हिशेबच मांडला. शिक्षणावर माणशी खर्च चौदा आणे आणि अबकारीतून माणशी वसुली दोन रुपयांहून जास्त. लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता, तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. सरकारी अंदाजपत्रकाच्या दुखऱ्या जागेवर इतकं नेमकं बोट क्वचितच कुणी ठेवलं असेल.

त्याआधीचा खर्च शेतकऱ्याच्या कनवटीतून. १८६३च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना आणि उरलेला रस्त्यांना.

आता यातली मेख पाहा. आणा भरणाऱ्याची पोरं शाळेत होती कुठे? १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच विचारलं. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो, हा त्यांचा आक्षेप. त्यांच्या मागण्या आज वाचल्या तरी चकित व्हायला होतं: निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं हवं, मास्तरला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, अभ्यासात मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची तोंडओळख हवी, शिवाय आरोग्य आणि स्वच्छतेचे धडेही! शिष्यवृत्त्यांबद्दल तर ते फारच पुढचं बोलले. चढाओढीने शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य दिसतं, पण त्याने शिकलेल्यांचंच फावतं. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोहोचलेल्या समाजांसाठी राखून ठेवा, असं त्यांनी लिहिलं. १८८२ साली!

सक्तीच्या शिक्षणाला मात्र मुहूर्त लागेना. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला, तोही नगरपालिकांपुरता. आणा भरणारी खेडी बाहेरच राहिली. त्याच सुमारास, १९१७मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

शिष्यवृत्त्यांच्या कहाण्या तर एकेक रंगतदार. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी पूर्ण बंद केली नाही, तिची दिशा बदलली. १८२१मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशातून. पुढे त्यातूनच मराठी ग्रंथांना बक्षिसं आणि कॉलेजात फेलोशिपा मिळू लागल्या.

शिष्यवृत्ती देणारा हात ती काढूनही घेई. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना महादेव गोविंद रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्य इंग्रजी अमलापेक्षा उजवं ठरवलं. प्रिन्सिपॉल अलेक्झांडर ग्रँट भडकले आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद, असं रानड्यांचे चरित्रकार सांगतात.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींवरचा अन्याय त्याहून उघड. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या इलाख्यात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. यांना मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या. अखेर इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. १८८९मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तिथली कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. आंबेडकरांनाही आधार दिला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी: बी.ए.ला दरमहा पंचवीस रुपये आणि १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड.

आणि मुलांच्या तब्येतीचं काय? बराच काळ सरकारला त्याची फिकीर नव्हती. गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवायचा; ज्यांना कुणी दारात उभं करत नसे त्यांना तीही सोय नव्हती. शाळेतलं पाणीसुद्धा सर्वांना सारखं नव्हतं. पाणी द्यायला शिपाई हजर नसला की अस्पृश्य मुलगा दिवसभर तहानलेला राहायचा. बाबासाहेबांनी लहानपणी हे स्वतः सोसलं.

किरकोळ अंगकाठीची किंमत धोंडो केशव कर्व्यांना विचारा. परीक्षेसाठी ते १८७५मध्ये कोकणातल्या मुरूडहून भर पावसात, घाट चढून, साताऱ्याला चालत गेले. परीक्षकांनी पाहिलं आणि सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवलं. वय पुरं होतं, तरीही!

शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी भारतात पहिल्यांदा झाली १९०९मध्ये, बडोदा शहरात. म्हणजे इथेही संस्थान पुढे. शाळेतल्या खाऊचा मान मद्रास शहराचा. १९२०मध्ये तिथल्या महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत गरीब मुलांना खाऊ द्यायला सुरुवात केली, दर मुलामागे दिवसाला एक आण्याच्या आत. हा खाऊ आणखी शाळांत गेला आणि मुलं वर्गात टिकू लागली. पण प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करता येत नाही, असा आक्षेप सरकारने घेतला आणि १९२५मध्ये पालिकेला तो थांबवावा लागला. उपाशी मुलाला पाटीवरची अक्षरं दिसायची कशी, हे त्या आक्षेप घेणाऱ्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं.